अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर

विशेष शाळेत मुलगा अठराव्या वर्षाच्या जवळ आला की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. शाळा सुटणार, मग दिवसभर करायचं काय? आणि त्याच्या मागे दबा धरून बसलेला मोठा प्रश्न : आमच्यामागे याचं काय? महाराष्ट्रातल्या कितीतरी कार्यशाळा आणि निवासी संस्था या धास्तीतून उभ्या राहिल्या. त्यासाठी बहुतेक वेळा धावपळ केली ती पालकांनी आणि शिक्षकांनी. सरकार मागाहून आलं.

इथे विषय बौद्धिक अक्षमतेचा, म्हणजे ज्याला आपल्या सरकारी कागदांत अगदी परवापर्यंत 'मतिमंदत्व' म्हणत.

1912 च्या लुनसी ॲक्टने, म्हणजे वेडेपणाविषयीच्या कायद्याने, मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षम यांना एकाच व्याख्येत कोंबलं होतं. मनोरुग्णावर उपचार करायचे असतात आणि बौद्धिक अक्षम मुलाला शिकवायचं असतं, हा साधा फरक कायद्याला कळायला 1987 साल उजाडलं. त्या वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व आपल्या व्याख्येतून वगळलं. समाजातल्या काहींना हे फार आधी कळलं होतं. मुंबईत मानखुर्दला 1941 मध्ये अशा मुलांसाठी गृह निघालं. 1944 मध्ये डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रातल्या फरकामुळे जन्मतःच येणारी अक्षमता) असलेल्या आपल्या मुलीसाठी एका पारशी दांपत्याने वर्ग सुरू केला, तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात 1964 मध्ये 'कामायनी' ही शाळा आली. सिकंदराबादला या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली 1984 मध्ये.

सुरुवातीचा सगळा भर लहान मुलांवर होता, आणि त्याला कारण होतं. पाश्चात्त्य देशांतले आकडे बघा : डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुर्मान 1940 च्या दशकात सुमारे 12 वर्षं होतं, 1983 मध्ये 25 झालं, आज ते साठीला टेकलंय. प्रतिजैविकं आली, हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मुलं जगली, मोठी झाली, आणि आईवडिलांच्या पश्चातही जगणार हे दिसू लागलं. 'आमच्यामागे काय' हा प्रश्न एवढा मोठा झाला तो यामुळे.

मग कार्यशाळा निघाल्या. पणत्या रंगवणं, पाकिटं, फायली, कागदी पिशव्या, मसाल्याचं पॅकिंग. माझा मावसभाऊ अशाच एका कार्यशाळेत जातो. त्याला दहापर्यंत मोजता येत नाही. तिथल्या ताईंनी पुठ्ठ्यावर दहा गोल काढून दिलेत. प्रत्येक गोलावर एक पणती ठेवायची, सगळे गोल भरले की खोक्यात घालायच्या. त्याचं खोकं कधी चुकत नाही. एका कामाचे बारीक टप्पे पाडायचे आणि नेमकं जिथे अडतं तिथे आधार द्यायचा, हे या प्रशिक्षणाचं मर्म. चहा करणं, दाढी करणं, बसचा नंबर ओळखणं हे सगळं असंच शिकवतात.

पण मोबदल्याचं काय? 1948 च्या किमान वेतन कायद्यातच अपंग कामगारांना किमान वेतनातून सूट देण्याची मुभा सरकारला होती. कार्यशाळेत तर जे मिळतं त्याला पगार म्हणतच नाहीत, विद्यावेतन नाहीतर मानधन म्हणतात. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने मतिमंदत्वाला अपंगत्वाच्या यादीत घेतलं खरं, पण नोकऱ्यांतलं 3 टक्के आरक्षण अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यातच वाटलं. बौद्धिक अक्षम तरुण यादीत होता, वाट्यात नव्हता. मला हा त्या कायद्यातला सरळ अन्याय वाटतो, आणि तो 21 वर्षं चालला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरक्षण 4 टक्के केलं. त्यातल्या शेवटच्या एका टक्क्यात बौद्धिक अक्षमता आली, तीही स्वमग्नता, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत. खुल्या बाजारातली वाट संस्थांनीच शोधली. मुंबईत 'ओम क्रिएशन्स' 1990 च्या दशकापासून या तरुणांच्या हातच्या वस्तू विकते आहे. जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये ही मंडळी स्वयंपाकघरातही असतात आणि गिऱ्हाइकांसमोरही.

घराची कथा थोडी वेगळ्या गावाहून आली. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ कार्ल कोनिग 1938 मध्ये नाझींपासून निसटले आणि स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ त्यांनी कॅम्पहिल समुदाय सुरू केला. तिथे कुणी रुग्ण नाही, कुणी कर्मचारी नाही, सगळे एका घरात राहणारे. 1955 मध्ये यॉर्कशायरमध्ये याच धर्तीवर प्रौढांसाठी बॉटन हे गाव वसलं. त्या विचाराचं बी मुळशी तालुक्यात कोळवणला रुजलं. 1994 मध्ये सुरू झालेल्या साधना व्हिलेजमध्ये हे 'विशेष मित्र' लहान लहान घरांत कुटुंबासारखे राहतात, शेतात आणि स्वयंपाकात हात लावतात. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेने 'घरकुल' बांधलं ते पालकांच्याच पुढाकाराने. तरीही अशा जागा गरजेच्या मानाने फारच थोड्या आहेत.

कायद्यात मात्र अजून एक गाठ सुटलेली नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांनंतरही कायदेशीर पालक, म्हणजे गार्डियन, नेमण्याची सोय केली. आईवडिलांना तो मोठाच दिलासा होता. पण 2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याचं 19 वं कलम म्हणतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे ठरवण्याचा हक्क त्या माणसाचा. 2016 चा कायदाही निर्णय घेताना आधार द्या, त्याच्या जागी निर्णय घेऊ नका, या बाजूला झुकतो. दोन्ही कायदे आज एकाच वेळी लागू आहेत.

मावसभावाने पणत्यांच्या मानधनातून पहिल्यांदा स्वतः पैसे काढायचे ठरवले, तेव्हा मी त्याच्याबरोबर बँकेत होतो. महिनाभर घोटून घोटून सही शिकला होता. खिडकीपलीकडच्या माणसाने स्लिप पाहिली, त्याच्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाला, "यांच्या गार्डियनची सही लागेल." मावशी दोन दिवसांनी गेली आणि सही करून आली.