समुद्राच्या पाण्याची टाकी: गाळणीमागचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

फिश टँकच्या दुकानात जाऊन ‘समुद्री माशांसाठी कोणता फिल्टर घेऊ?’ असं विचारलं की एकाच फळीवरून बऱ्याच वस्तू खाली उतरतात. कॅनिस्टर, टँकच्या कडेला अडकवायचा हँग-ऑन, प्रोटीन स्किमर, बायोबॉलची पिशवी, सिरॅमिक रिंगा, यूव्हीचा दिवा. सगळंच लागत असावं असं वाटतं, आणि बरेच जण सगळं घेतातही. पण या वस्तू एकमेकींच्या जोडीला म्हणून तयार झालेल्या नाहीत. प्रत्येक वस्तू एका ठरावीक काळात, एका ठरावीक अडचणीवर उत्तर म्हणून आली. काही तर आधीचं उत्तर खोडून काढायलाच आल्या. कोण कोणाला खोडायला आलं हे कळलं, तर निवड पुष्कळ सोपी होते.

अडचण मुळात एकच आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यातूनही अमोनियाच निघतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण 8.1 ते 8.3 असतो, आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. त्यात खाऱ्या पाण्यात त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक-पंचमांश कमी मावतो. म्हणून गोल्डफिश वर्षानुवर्षं उत्तम सांभाळणारा माणूससुद्धा समुद्री टँकमध्ये गडबडून जातो. या घाणीचं करायचं काय, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षं तोच आहे, उत्तरं मात्र बदलत गेली.

पहिलं उत्तर इंग्लंडमधल्या अ‍ॅना थिन या बाईंचं. 1846 मध्ये त्या टॉर्कीच्या किनाऱ्यावर होत्या. तिथे सापडलेली जिवंत प्रवाळं त्यांना लंडनला न्यायची होती. त्यांनी ती सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचली, म्हणजे पाणी चहूबाजूंनी खेळतं राहील. लंडनमध्ये समुद्राचं पाणी सारखं आणणं शक्य नव्हतं. मग घरातली मोलकरीण तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हापुन्हा ओतत असे. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्री शैवाल ठेवलं. प्रवाळं जगली, वाढलीही. मला या मोलकरणीचं फार अप्रूप वाटतं. तिचं नाव इतिहासात नाही, पण घरगुती समुद्री टँकचा पहिला एअर पंप म्हणजे तिचे दोन हात होते.

त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनतज्ज्ञ काचेच्या भांड्यात मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहत होते. प्राणी सोडतो ते वनस्पती घेते, वनस्पती सोडते तो प्राणवायू प्राण्याला मिळतो, अशी समतोलाची कल्पना त्यांनी 1850 मध्ये मांडली. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यालय उघडलं, फिलिप हेन्री गॉस यांच्या लेखनाने वेड घरोघरी पोचलं, आणि दिवाणखान्यात समुद्री टाक्या दिसू लागल्या. बहुतेक लवकरच बिघडल्या. समतोलाची कल्पना चुकीची नव्हती, पण अपुरी होती: लोक टाकीत जनावरं कोंबत होते, आणि शैवालाने प्राणवायू दिला तरी कुजणाऱ्या घाणीचं काय होतं हे कोणालाच माहीत नव्हतं.

इथे विल्यम आल्फर्ड लॉइड हा माणूस येतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत दुर्लक्षित शहाणा माणूस. लंडनमध्ये त्याचं समुद्री प्राणी विकण्याचं दुकान होतं, आणि त्याने एक गोष्ट हेरली होती: उजेडात ठेवलेलं समुद्राचं पाणी हिरवं होतं, अंधारात ठेवलं तर पुन्हा निवळतं. मग त्याने प्रदर्शनातल्या टाक्यांखाली त्यांच्या काही पट मोठा अंधारा हौद बांधायला सुरुवात केली, आणि तेच पाणी हौदातून टाक्यांत, टाक्यांतून हौदात असं अखंड फिरवलं. हॅम्बुर्गला 1864 मध्ये आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1871 मध्ये त्याने हेच केलं. समुद्राच्या पाण्याने धातू गंजतो आणि प्राण्यांना बाधतो, म्हणून पंप कडक रबराचे. नेपल्सला आंटोन डोर्न यांच्या प्राणिशास्त्र केंद्राचं मत्स्यालय 1874 मध्ये खुलं झालं, त्यालाही लॉइडचा सल्ला होता. आज टँकखालच्या कपाटात जो संप, म्हणजे टँकला जोडलेली दुसरी टाकी, असतो, तो या अंधाऱ्या हौदाचाच घरगुती वंशज. पाणी बदलण्यापेक्षा पाणी भरपूर असू द्या आणि फिरतं ठेवा, हा लॉइडचा आग्रह आजही खोटा ठरलेला नाही. दोन टँकमधून निवड करायची असेल तर मोठा घ्या, असं जाणकार सांगतात त्याचं मूळ इथे आहे.

घाणीचं नेमकं काय होतं, हे मत्स्यालयात नाही तर शेतात कळलं. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोजिंग आणि म्यून्ट्झ यांनी दाखवलं, की अमोनियाचं नायट्रेट होणं ही निव्वळ रासायनिक क्रिया नसून सजीवांचं काम आहे. पाठोपाठ इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात हे काम दोन टप्प्यांत होतं, आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, असं दिसून आलं. ते दाखवणारा शास्त्रज्ञ होता रॉबर्ट वॉरिंग्टन, समतोलवाल्या वॉरिंग्टन यांचा त्याच नावाचा मुलगा. बापाने टाकीत जे कोडं सोडलं ते मुलाने मातीत सोडवलं. 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी हे जीवाणू वेगळे काढून दाखवले. पण शेतीतलं हे ज्ञान हौशी लोकांच्या टँकपर्यंत यायला आणखी साठएक वर्षं लागली.

1950 च्या दशकात अमेरिकेत अंडर-ग्रॅव्हल फिल्टर पसरला. तळाशी छिद्रांची पट्टी, वर खडी, आणि हवेच्या बुडबुड्यांनी पाणी खडीतून खाली ओढायचं. खडीच्या दाण्यादाण्यावर जीवाणू वसतात, अमोनियाचं त्याहून कमी विषारी नायट्रेट होऊन ते पाण्यात उरतं. मासे जगू लागले. 1964 मध्ये इन्स्टंट ओशन हे तयार मीठ बाजारात आलं आणि किनाऱ्यापासून दूरच्या गावांतही समुद्री टँक शक्य झाला. मात्र खडीत गाळ साचत जाई, नायट्रेट महिनोन् महिने चढत जाई. क्लाउनफिश ते सोसत. प्रवाळं सोसत नसत. मासे ठेवणारा आणि प्रवाळ ठेवणारा यांच्या वाटा इथे फुटल्या.

जर्मनीत त्याच काळात वेगळा विचार चालू होता. घाणीचं रूपांतर करत बसण्यापेक्षा कुजण्याआधीच ती पाण्याबाहेर काढली तर? प्रोटीन स्किमर या विचारातून आला. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या कडेला पिवळट फेस जमतो, तो कोकणातल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. प्रथिनांसारख्या पदार्थांचं एक टोक पाण्यापासून पळतं आणि बुडबुड्याला चिकटतं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत पटकन मिसळत नाहीत, म्हणून हे तिथे नीट जमतं. गोड्या पाण्याच्या घरगुती टँकला स्किमर लावत नाहीत तो याचसाठी. खाणीतली खनिजं फेसाने वेगळी करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होतीच. 1960 च्या दशकात जर्मन हौशी मंडळींनी आणि कारागिरांनी ती उभ्या नळीत आणली. लाकडी एअरस्टोनमधून बारीक बुडबुडे वर, पाणी उलट दिशेने खाली, आणि वरच्या कपात चहासारखं काळपट पाणी. तो कप पहिल्यांदा रिकामा करताना वासाने जीव नकोसा होतो, पण ती सगळी घाण नाहीतर टँकमध्येच कुजली असती, हेही तेव्हाच पटतं.

आणखी एक उत्तर पूर्वेकडून आलं. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये अमेरिकेतल्या एका मत्स्यपालन मासिकात आपली पद्धत सांगितली: समुद्रातून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले दगड, म्हणजे लाइव्ह रॉक, थोडी हवा, भरपूर उजेड, आणि फिल्टर नाहीच. दगडाच्या पृष्ठभागावर अमोनियाचं नायट्रेट होतं, आणि आतल्या प्राणवायू नसलेल्या पोकळ्यांत दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. खडीच्या फिल्टरला न जमलेला शेवटचा टप्पा हा दगड पुरा करत होता. ली यांच्या दारात समुद्र होता, वाचणाऱ्या बहुतेकांच्या दारात नव्हता, त्यामुळे ही पद्धत लगेच रुजली नाही.

स्किमर आणि लाइव्ह रॉक ही दोन उत्तरं बर्लिनमध्ये एकत्र आली. पीटर विल्केन्स यांनी चुन्याची निवळी टँकमध्ये घालून प्रवाळांना लागणारं कॅल्शियम भरून काढायला शिकवलं. बर्लिनच्या डीट्रिश स्ट्यूबर यांनी आपल्या टँकमध्ये अ‍ॅक्रोपोरा जातीची प्रवाळं वाढवली, आणि त्यांचे तुकडे हातोहात कितीतरी टँकमध्ये गेले. लाइव्ह रॉक, दणकट स्किमर, प्रखर उजेड आणि चुन्याची निवळी, वेगळा जैविक फिल्टर नको: हीच बर्लिन पद्धत.

अमेरिका मात्र आधी दुसऱ्या वाटेने गेली. जानेवारी 1986 पासून जॉर्ज स्मिट यांची लेखमाला प्रसिद्ध झाली आणि ‘वेट-ड्राय’ फिल्टरची लाट आली. टँकमधून ओसंडणारं पाणी प्लॅस्टिकच्या बायोबॉलवरून थेंबाथेंबाने झिरपायचं. भरपूर हवा, त्यामुळे जीवाणूंचं काम झपाट्याने. सांडपाणी शुद्ध करायला इंग्लंडमध्ये 1890 च्या दशकापासून हेच तत्त्व वापरात होतं. अमोनिया चटकन संपे, पण नायट्रेटही तितक्याच चटकन तयार होई. 1990 च्या दशकात प्रवाळवाल्यांनी बायोबॉल उपसून काढले, रिकाम्या खोक्यात स्किमर बसवला, आणि आजचा संप तयार झाला. लॉइडचा हौद असा वळसा घेऊन परत आला. मधल्या काळात वॉल्टर अ‍ॅडी यांनी वॉशिंग्टनला उजेडाखालच्या जाळीवर शैवाल वाढवून ते खरवडून काढण्याची पद्धत आणली, तर जाँ जोबेर यांनी मोनॅकोला जाड वाळूच्या थराखाली पोकळी ठेवून नायट्रेट संपवून दाखवलं. संपच्या कप्प्यात आज शैवाल वाढवतात, ते अ‍ॅडींच्या विचाराचं सौम्य रूप.

आता दुकानातल्या फळीकडे परत पाहू. कॅनिस्टर हा 1960 च्या दशकातल्या जर्मनीचा, मुख्यतः गोड्या पाण्यासाठी वाढलेला बंद डबा. त्यातला स्पंज आठवड्याला धुतला नाही, तर तो नायट्रेटच तयार करत बसतो. वीज बराच वेळ गेली की डब्यातला प्राणवायू संपतो, जीवाणू मरतात, आणि वीज येताच ते कुजकं पाणी टँकमध्ये येतं. आपल्याकडे लोडशेडिंग असलेल्या गावात समुद्री टँकला मी तो सुचवणार नाही. बायोबॉल मासेच ठेवणाऱ्याला चालतील, प्रवाळवाल्याने ते विसरावेत. यूव्ही दिवा पाण्यात तरंगणारे जंतू आणि शैवाल मारतो, अमोनियाला हात लावत नाही. सुरुवातीला त्याच्यावर पैसे घालू नयेत. ज्यावर हात आखडता घेऊ नये ते स्किमर, पुरेसा सच्छिद्र दगड आणि पाणी खेळतं ठेवणारे पंप. उन्हाळ्यात टँक 30 अंशांवर गेला की पाण्यातला प्राणवायू आणखी घटतो, तेव्हा स्किमर हवा मिसळतो त्याचाही मोठा आधार असतो.

मुंबईत 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं, ते समुद्राला लागून. पुणे, नाशिक, नागपूरच्या फ्लॅटमध्ये तो शेजार नाही. तिथे मीठ पिशवीतलं आणि पाणी आरओचं. स्वयंपाकघरातला आरओ बहुधा चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतो. टँकला टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याजवळ असलेलं पाणी हवं, म्हणून ते मिश्रण बंद करून घ्यावं किंवा वेगळं युनिट बसवावं.

आणि दगडाचा प्रश्न. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये कठीण प्रवाळांचा समावेश झाला. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, 1987 पासून तिथे सागरी अभयारण्यही आहे. तिथून किंवा भारताच्या कुठल्याही प्रवाळभित्तीवरून दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. ली यांची जकार्तातली मोकळीक आपल्याला नाही. त्यामुळे इथला प्रामाणिक हौशी कोरड्या किंवा कृत्रिम सच्छिद्र दगडाने सुरुवात करतो. त्यावर जीवाणू वसायला काही आठवडे लागतात, आणि दगडाच्या आत नायट्रेट संपवणारे जीवाणू स्थिरावायला आणखी महिने. बाटलीतले जीवाणू मदत करतात, पण त्यांतही फरक असतो. नायट्राइट खाणारा जीवाणू नायट्रोबॅक्टर, असं दशकानुदशकं मानलं जात होतं. 1990 च्या दशकात होव्हानेक आणि डीलाँग यांच्या संशोधनातून दिसलं, की टँकमध्ये ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा या गटाचे जीवाणू करतात. म्हणून लेबल वाचून बाटली घ्यावी, अमोनिया आणि नायट्राइट मोजायचा किट सोबत घ्यावा, आणि दोन्ही आकडे आधी चढून मग शून्यावर येईपर्यंत मासा घरी आणू नये.