व्हिक्टोरियन भांड्यांवरची फुलं गुप्त निरोप देत नाहीत

जुन्या इंग्रजी चांदीच्या किंवा बिडाच्या वस्तूवर पान-फूल दिसलं की ‘त्यात पुष्पभाषेतला, म्हणजे प्रत्येक फुलाला ठरावीक अर्थ देणाऱ्या सांकेतिक भाषेतला, गुप्त संदेश आहे’ असं विक्रेते हमखास सांगतात. ऐकायला गोड, पण बहुतेक वेळा निराधार. पुष्पभाषेचे कोश तेव्हा खपत होते, हे खरं. पण त्यांचं आपसांतच जुळत नसे. मग कारागीर निरोप कुठल्या कोशातला कोरणार?

नक्षीमागची कारणं साधी असत. सुरई-पेल्यांवर द्राक्षवेल, कारण आत वाइन. गुलाब, काटेरी थिसल आणि तीन पानांचा शॅमरॉक एकत्र दिसले तर ती इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडची चिन्हं. १८५०च्या दशकात नेच्यांचं (फर्नचं) वेड पसरलं आणि कोलब्रुकडेल या इंग्लंडमधल्या ओतशाळेच्या ओतीव बाकांवरही नेचे आले. सूर्यफूल पुढच्या फॅशनचं: थॉमस जेकिल या इंग्रज डिझायनरने आखलेलं सूर्यफुलांचं कुंपण १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात गाजलं.

ओळखताना फुलापेक्षा पान बघावं. खोल कातरलेलं, टोकाशी वळलेलं रुंद पान बहुधा अकँथस या झाडाचं. ते ग्रीक खांबांच्या शीर्षांवरून आलेलं, बागेतून नव्हे. वेलीला तणावे (आधाराला गुंडाळणारे धागे) असतील तर द्राक्ष; आयव्ही या भिंतीवर चढणाऱ्या वेलीला खऱ्या आयुष्यात तणावे नसतात. नक्षीकार मात्र कधीकधी दोन्हींची सरमिसळ करतो, त्यामुळे फळांचे घोसही तपासा.

वस्तूवर चौकट-ठसा, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा नमुना-नोंदणीचा ब्रिटिश ठसा, असेल तर उत्तम. १८४२ ते १८८३ दरम्यानच्या या ठशात वरचा रोमन एक म्हणजे धातूचा वर्ग. तारीख मात्र नमुन्याच्या नोंदणीची, वस्तू घडवल्याची नव्हे.