‘बॅजर’च्या पोटातलं इंजिन

किटलीचं झाकण उडताना पाहून जेम्स वॅटला वाफेचं इंजिन सुचलं, ही भाकडकथा मुलांना सांगणं आता थांबवावं. इंग्लंडच्या थॉमस न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन त्याआधीच, 1712 पासून, खाणींतलं पाणी उपसत होतं. वॅटचं मोठेपण वेगळं आहे. दर फेरीला सिलिंडर गार पडतो आणि तो पुन्हा तापवण्यात इंधन वाया जातं, हे त्याने ओळखलं. या दुखण्यावरचा एक अतिशय सुंदर इलाज अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरावर आजही चालू आहे, ‘एसएस बॅजर’ या फेरीबोटीत.

मार्च 1953 मध्ये ही 410 फूट लांबीची बोट सेवेत आली. मालगाडीचे डबे, मोटारी आणि प्रवासी असं सगळंच ती मिशिगन राज्यातल्या लडिंग्टनहून सरोवराच्या पलीकडे विस्कॉन्सिनला नेई. शिकागोचा वळसा वाचे. मालक रेल्वेकंपनी, तिचा मोठा धंदा कोळसावाहतुकीचा; म्हणून डिझेलच्या जमान्यातही बोटीला बॉयलर कोळशाचे.

साध्या इंजिनात वाफ सिलिंडरच्या ज्या टोकाने आत येते, त्याच टोकाने काम करून, थंडावून बाहेर पडते. दर पोळीनंतर तापल्या तव्यावर पाणी ओतण्यासारखंच हे. पुढची ताजी वाफ त्या गार भिंतीवर पाणी होऊन बसते. युनिफ्लो इंजिनात वाफ टोकाने येते, पण बाहेर जाते ती सिलिंडरच्या मधोमध असलेल्या छिद्रांतून. दट्ट्या (पिस्टन) फेरीच्या शेवटी सरकला की ती छिद्रं आपोआप उघडी पडतात. टोकं गरम राहतात, मध्य थंड. परतताना दट्ट्या छिद्रं झाकतो आणि उरलेली वाफ जवळजवळ पूर्ण फेरीभर दाबली जाते. दाबली की तापते, टोकही तापवते. मात्र उरलेली वाफ जास्त असेल तर दाब बेसुमार चढतो, म्हणून कंडेन्सरमधली, म्हणजे वापरलेली वाफ गार करून तिचं पाणी करणाऱ्या पात्रातली, निर्वात स्थिती चांगली लागते. बोटीला ते सोपं, कारण गार पाणी भोवताली अमाप. जर्मन अभियंता योहान श्टुम्फ यांनी रुजवलेल्या या तत्त्वावरची स्किनर कंपनीची दोन ‘युनाफ्लो’ (युनिफ्लोचंच कंपनीने दिलेलं नाव) इंजिनं ‘बॅजर’वर आहेत, प्रत्येकी 3,500 अश्वशक्तीची.

रेल्वेचे डबे 1990 मध्ये थांबले. 1992 पासून ती फक्त प्रवासी आणि मोटारी नेते. ‘वारसा’ म्हणून तिचं कौतुक करणाऱ्या जाहिरातींत एक गोष्ट सहसा नसते: कोळशाची राख ती वर्षानुवर्षं सरोवरातच टाकत होती. 2015 च्या हंगामापासून ती राख बोटीवरच साठवून किनाऱ्यावर उतरवली जाते.