डोळे आले, की डोळ्यात अळी गेली?

डोळे येणे म्हणजे काय, हे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर पसरलेली साथ अजून सर्वांच्या लक्षात आहे. माझी तक्रार आहे ती माण, खटाव, आटपाडी, जत या मेंढ्यांच्या मुलखात लाल झालेल्या प्रत्येक डोळ्याला तेच नाव देऊन मोकळे होण्याबद्दल.

मेंढीच्या नाकात जिच्या अळ्या वाढतात, अशी एक माशी असते. ती अंडी घालत नाही. पोटातच अंड्यातून बाहेर आलेल्या, जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या जिवंत अळ्या ती कोठेही न बसता, उडता उडताच मेंढीच्या किंवा शेळीच्या नाकपुडीवर सोडते. कधीकधी त्या माणसाच्या डोळ्यात पडतात.

म्हणून त्रास नेमका केव्हा सुरू झाला, हे सर्वांत आधी विचारावे. डोळे आलेल्या माणसाला तो क्षण सांगता येत नाही. सकाळी उठलो तर पापण्या चिकटल्या होत्या, एवढेच तो सांगतो. अळी गेलेला माणूस मात्र जागा आणि वेळ दोन्ही सांगतो: कळपामागे चालताना डोळ्यावर काहीतरी आपटले, आणि थोड्याच वेळात डोळा खुपू लागला, पाणी वाहू लागले, आत काही वळवळते आहे असे वाटू लागले. बहुधा हे एकाच डोळ्यात होते. इतके ऐकूनही 'चिलट गेले असेल' म्हणत, पापणी न उलटता थेंब देणे मला अक्षम्य वाटते.

कारण अळीच्या तोंडाशी दोन आकडे असतात. त्यांनी ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाला धरून राहते, त्यामुळे नुसत्या पाण्याने सहसा निघत नाही. शिवाय उजेड पडताच ती पापणीमागच्या खोबणीत सरकते. नेत्रतज्ज्ञ बधिरतेचे थेंब घालून, स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, चिमट्याने अळ्या काढतात. एक सापडली म्हणून शोध थांबवू नये. अनेक असू शकतात.

'अळ्या पडल्या' हा शब्द येथे नको. जखमेत अळ्या पडतात, त्या वेगळ्या माशीच्या. येथे जखमही नसते आणि अस्वच्छताही नसते, त्यामुळे मेंढपाळाला लाजवण्याचे कारण नाही. हा त्रास एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही आणि ही अळी माणसात सहसा पूर्ण वाढतही नाही. क्वचित एखादी अळी नेत्रगोलाच्या आत शिरते. म्हणून नजर अंधूक झाली असेल, तर बाहुली मोठी करून मागचा पडदा त्याच दिवशी तपासून घ्यावा.