रॅस माशांची रात्र

सायंकाळी टाकीवरचे दिवे मंद होऊ लागले की पिवळाधमक हॅलिकोइरिस क्रायसस हा रॅस मासा तळाशी दोन-तीन घिरट्या घालतो, अंग तिरके करून वाळूत मुसंडी मारतो आणि क्षणभर उठलेला धुरळा खाली बसेपर्यंत दिसेनासा होतो. पाचशेहून अधिक जाती असलेल्या रॅस कुळातले रंगीत मासे प्रवाळाच्या टाकीत पाळायचे, तर त्यांच्या रंगांआधी त्यांच्या झोपेचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हॅलिकोइरिस आणि लेपर्ड रॅस रात्रभर वाळूत पुरून घेतात; त्यामुळे तळाशी किमान पाच सेंटिमीटर बारीक वाळू हवी, कारण प्रवाळाच्या भरड चुऱ्यात शिरताना त्यांचे अंग खरचटते आणि जखमा चिघळतात. दूरच्या समुद्रातून आलेल्या माशाचे शरीरातले घड्याळ जुन्याच दिवसरात्रीवर चालत असते. म्हणून नवा मासा भर दुपारी वाळूत गडप होतो, कधी दोन-चार दिवस वर येतच नाही. अशा वेळी तो मेला असे समजून वाळू उकरू नये. उकरण्याने त्याचा जीव अधिक धोक्यात येतो.

फेअरी रॅस मात्र खडकाच्या कपारीत स्वतःभोवती चिकट स्रावाचा पारदर्शक कोष विणून निजतात. या कोषामुळे शिकाऱ्याला त्यांचा वास लागत नसावा, असे मानले जाते. सकाळी त्याची फाटकी, जेलीसारखी लक्तरे पाण्यात तरंगताना दिसतात, आणि नवख्या माणसाला तो रोगच वाटतो. दचकले की हेच मासे पाण्याबाहेर उडी मारतात, म्हणून टाकीवर बारीक जाळी घट्ट बसवणे अनिवार्य आहे. वायरीसाठी ठेवलेली बोटभर फटही त्यांना पुरते.

बहुतेक रॅस आधी मादी असतात आणि पुढे नर होऊ शकतात. ऑस्ट्रेलियातील हेरॉन बेटाजवळ संशोधक रॉबर्टसन यांनी इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणाऱ्या क्लीनर रॅसच्या गटांचे निरीक्षण करून 1972 मध्ये दाखवून दिले, की नर नाहीसा होताच सर्वांत वरचढ मादी काही तासांत नरासारखी वागू लागते आणि दोन-अडीच आठवड्यांत शुक्रजंतू तयार करते. फेअरी रॅसमध्ये या बदलाबरोबर रंगही खुलतात. त्यामुळे दुकानातला झगझगीत, पूर्ण वाढलेला नर आणण्यापेक्षा फिकट, लहान मादी आणावी, तिला दिवसातून दोन-तीनदा मायसिस किंवा आर्टेमिया हे कोळंबीसारखे बारीक जीव थोडे थोडे घालावे, आणि तिच्या पंखांच्या कडांवर रंगाची पहिली रेघ कधी उमटते ते पाहत राहावे.