अभ्यासक्रम-भागीदारी (खानदेश)

जवळपासची महाविद्यालये आपसांत सामंजस्य करार करून एकमेकांच्या विद्यार्थ्यांना ठरावीक विषय शिकवतात आणि त्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीसाठी धरले जातात, त्या व्यवस्थेला अभ्यासक्रम-भागीदारी म्हणतात. विद्यार्थ्याचा प्रवेश मूळ महाविद्यालयातच राहतो. जे शिकवते ते यजमान महाविद्यालय.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९९० साली स्थापन झालेल्या, आताच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यामुळे इथल्या दोन संलग्न महाविद्यालयांचा अभ्यासक्रम आणि विषय-संकेतांक सहसा एकच असतो, ही मोठी सोय आहे. स्वायत्त महाविद्यालय मात्र स्वतःचा अभ्यासक्रम आखते. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय त्यांपैकी एक. अशा ठिकाणी करार करताना समकक्ष विषयांचा तक्ता दोन्ही अभ्यास मंडळांकडून आधीच मंजूर करून घ्यावा लागतो. मालेगाव, बागलाण हे शेजारचे तालुके सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे असल्याने तिथल्या महाविद्यालयाशी जोडणी करायची तर श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेतून, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या २०२१ पासूनच्या व्यवस्थेतून, न्यावे लागतात. बँकेतील श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात आणि किमान ५० टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवावे लागतात.

राज्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली आणि भागीदारीची गरज वाढली. दर सत्राला सुमारे २२ श्रेयांक, त्यांत मुख्य विषयासोबत गौण, खुला ऐच्छिक, कौशल्याधारित असे अनेक कप्पे; तालुक्याच्या लहान महाविद्यालयाला प्रत्येक कप्प्यात खरा पर्याय देणे जड जाते. तत्त्वज्ञानासाठी अमळनेरकडे पाहावे असे वाटणे साहजिक आहे, कारण तिथे १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर या तत्त्वज्ञानाच्या अभ्यास-संस्थेची परंपरा आहे.

आखणीत पहिले गणित तासांचे असते. एक श्रेयांक म्हणजे १५ तास अध्यापन, प्रात्यक्षिकाला ३० तास. दोन श्रेयांकांचा लेखी विषय ३० तासांचा होतो. तो दररोजच्या एका तासिकेत बसवला तर दुसऱ्या गावचा विद्यार्थी येऊच शकत नाही. शनिवारी सलग तीन तास ठेवले तर दहा शनिवारांत विषय पुरा होतो, आणि मूळ महाविद्यालयाने त्या वेळी दुसरी तासिका लावायची नाही, एवढीच अट उरते. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला ६० तास लागतात. ते रोज सहा तास याप्रमाणे दहा दिवसांच्या सलग वर्गात घेणे बरे. हे दिवस कापूस वेचणीच्या आणि दिवाळीच्या सुमारास ठेवू नयेत, कारण तेव्हा शेतकरी घरांतील मुले घरच्या कामात गुंतलेली असतात. एप्रिल-मेच्या दुपारीही टाळाव्यात.

प्रवासाचा अडथळा कागदावर दिसत नाही. एसटीचा विद्यार्थी पास घर ते महाविद्यालय अशा ठरलेल्या मार्गापुरता असतो; यजमान गावचे भाडे वेगळे पडते. जळगाव–भुसावळ जेमतेम २५ किलोमीटर आणि रेल्वेची सोय, तिथे हे निभावते. नंदुरबारच्या सातपुड्यातील अक्राणी भागातून घाट उतरून शहाद्याला येणाऱ्या मुलाला ते परवडत नाही. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना नेण्यापेक्षा शिक्षकच तिकडे पाठवावा. एका माणसाचा प्रवासखर्च वीस विद्यार्थ्यांच्या भाड्यापेक्षा केव्हाही हलका.

तरीही करार बहुधा कार्यभारावर मोडतात. अनुदानित पदांची मंजुरी तासिकांच्या कार्यभारावर ठरते. विद्यार्थी दुसरीकडे शिकले की मूळ महाविद्यालयाचा कार्यभार घटतो आणि विभागातील पद जाण्याची भीती शिरते. उलट यजमानाकडे जादा तास तासिका तत्त्वावरील प्राध्यापकावर पडतात आणि त्याचे मानधन कोणी द्यायचे हे कुठेच लिहिलेले नसते. त्यामुळे करार देवघेवीचा असावा: तुम्ही आमच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवा, आम्ही तुमच्या मुलांना तेवढ्याच तासांचे मृदापरीक्षण शिकवू. तास समान राहिले की कोणाचे पद धोक्यात येत नाही आणि शुल्काचा हिशेबही बहुतांशी फिटतो.

गुणांची चूक मात्र शेवटी कळते, निकाल लागल्यावर. यजमानाने अंतर्गत गुण दिले, पण मूळ महाविद्यालयाने ते विद्यापीठाच्या प्रणालीत भरलेच नाहीत, तर गुणपत्रिकेत त्या विषयासमोर जागा कोरी राहते. म्हणून दोन्हीकडे एकेक समन्वयक नेमावा, नोंदणी क्रमांकासह विद्यार्थ्यांची यादी सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावी, हजेरी दरमहा कळवावी आणि गुण सही-शिक्क्याच्या तक्त्यात घ्यावेत. पंचाहत्तर टक्के हजेरी मोजताना यजमानाकडील तास धरायचे की नाही, हे करारातच स्पष्ट हवे.