लांबून मारलेल्या गोळ्या आणि तुटणारं विमान: फ्लाइट सिममधल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात कॉम्बॅट फ्लाइट सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायचे गेम, मनापासून खेळणारी मंडळी तशी मोजकीच, पण शनिवारी रात्री सगळे ऑनलाइन जमले की एक वाद ठरलेला असतो. कोणीतरी वैतागून म्हणतं अरे ८०० मीटरवरून पाडलं मला, एका बर्स्टमधे (एका दमात सोडलेल्या गोळ्यांत) पंख गेला, खऱ्यात असं होतं का कुठे, आणि मारणारा म्हणतो रेकॉर्डिंग बघ की, लागल्यात गोळ्या. यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, गोळी एवढ्या लांबून लागते का हा एक आणि लागल्यावर विमानाचं नेमकं काय मोडतं हा दुसरा, आणि दोन्ही कॉम्प्युटरपेक्षा खूप जुने आहेत.

१९३४ मधे ब्रिटिश एअर मिनिस्ट्रीत नव्या फायटरला बंदुका किती लावायच्या यावर खल चालू होता. कॅप्टन फ्रेड हिल नावाच्या अधिकाऱ्याने घरी आकडेमोड करायला आपल्या १३ वर्षांच्या मुलीची, हेझलची, मदत घेतली, आणि उत्तर निघालं की आठ बंदुका हव्यात, प्रत्येक बंदुकीने मिनिटाला किमान १००० गोळ्या सोडायला हव्यात. स्क्वाड्रन लीडर राल्फ सोर्ली पण त्याच आकड्याशी पोचला होता, त्याचा हिशोब असा की शत्रूचं विमान निशाण्यात राहणार जेमतेम दोन सेकंद, तेवढ्यात पुरेशा गोळ्या लागल्या तर लागल्या. माझ्या मते फ्लाइट सिमची खरी सुरुवात इथे आहे, कारण वेग, वेळ आणि गोळ्यांची संख्या घालून विमान पडेल का हे कागदावर काढणं, आपला कॉम्प्युटर पण शेवटी तेच करतो.

स्पिटफायर आणि हरिकेन ही ब्रिटिश फायटर विमानं आठ बंदुका घेऊन आली. त्या पंखात असतात त्यामुळे थोड्या आत वळवून सगळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एकत्र येतील असं सेटिंग करावं लागतं, त्याला सिमवाले कन्व्हर्जन्स म्हणतात. सुरुवातीला हे अंतर ४०० यार्ड ठेवायचा आदेश होता आणि १९४० च्या लढाईत पायलटांनी ते स्वतःहून २५० यार्डावर आणलं, कारण लांबून मारलेल्या गोळ्या लागायच्या पण जर्मन बॉम्बर घरी जायचे. सेलर मलान या दक्षिण आफ्रिकन पायलटने लढाईचे दहा नियम लिहिले त्यातला पहिलाच आहे की शत्रूच्या डोळ्यातला पांढरा भाग दिसेपर्यंत थांब आणि मग एक-दोन सेकंदांचे छोटे बर्स्ट मार. सुरुवातीच्या स्पिटफायरमधे दर बंदुकीला ३०० गोळ्या, म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर साधारण १५ सेकंदात सगळं संपलं, अशात ८०० मीटरवरून फवारणी कोण करणार.

लांबून मारणं अवघड का होतं ते आकड्यात बघा. नंतरच्या स्पिटफायरवर आलेल्या २० एमएम हिस्पानो तोफेची गोळी सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने सुटते आणि हवेत तो वेग पटापट कमी होतो. ६०० मीटर जायला तिला पाऊण सेकंदाच्या वर लागतो, तेवढ्यात ती तीन-चार मीटर खाली येते, आणि आडवं जाणारं ५०० किमी वेगाचं विमान शंभर मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं, म्हणजे स्पिटफायरच्या दहापट लांबीएवढं पुढे मोकळ्या आकाशात नेम धरायचा, तोही समोरचा वळत नाहीये असं धरून. जर्मनांची ३० एमएमची एमके १०८ तोफ तर याहून मंद, सेकंदाला ५४० मीटरच्या आसपास, ३०० मीटरवरच गोळी साधारण दोन मीटर खाली. वर बंदुकांचा हादरा, पंखांचं लवणं, गोळ्यांचा फैलाव. १९४४ मधे जायरो गनसाइट, म्हणजे हिशोब करणाऱ्या नेम धरायच्या काचा, आले तेव्हा किती पुढे नेम धरायचा हे काच दाखवायला लागली आणि थोडं सोपं झालं, पण फैलाव काही जात नाही.

आता दुसरा प्रश्न, काय मोडतं. जर्मनांचा अंदाज होता की अमेरिकन बॉम्बर बी-१७ पाडायला २० एमएमच्या २० एक गोळ्या लागतात आणि एमके १०८ च्या चारेक पुरतात, हा अर्थात सरासरीचा हिशोब. उलट टोक म्हणजे २६ जून १९४३, अमेरिकन पायलट रॉबर्ट जॉन्सनचं पी-४७ थंडरबोल्ट फायटर, इंजिन मार खाल्लेलं, कॅनॉपी (डोक्यावरचं काचेचं झाकण) अडकल्यामुळे उडी मारता येईना, एका जर्मन फॉके-वुल्फ फायटरने मागे येऊन त्याच्यावर गोळ्या संपेपर्यंत मारल्या आणि तरी तो इंग्लंडला उतरला, भोकं मोजताना २०० च्या पुढे त्याने नाद सोडला. आपल्याकडचं उदाहरण पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बॉयऱ्याचं, २२ नोव्हेंबर १९७१. आपल्या नॅट विमानांनी तिथे पाकिस्तानची तीन सेबर विमानं पाडली असंच तेव्हा धरलं गेलं, नॅटच्या ३० एमएम एडन तोफा होत्या, साध्या नाहीत, पण नंतर कळलं की त्यातलं एक सेबर मार खाऊन पण ढाक्याला परत पोचलं होतं. गोळी लागणं, विमान निकामी होणं आणि विमान पडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेम बनवणाऱ्यांना नेमका हाच फरक दाखवायला वीसेक वर्षं लागली.

१९९० चा रेड बॅरन किंवा १९९१ चा सिक्रेट वेपन्स ऑफ द लुफ्तवाफे हे गेम घ्या, त्या मशीनांच्या ताकदीच्या मानाने भारीच काम होतं ते, पण नुकसान मोजायची पद्धत ढोबळ, दहीहंडीच्या मडक्यासारखी, ठरलेला मार बसला की फुटणार. अशा हिशोबात लांबून लागलेली एक-एक गोळी पण वाया जात नाही, आकडा कमी करतच राहते, म्हणून लांबून फवारायची सवय लागली ती इथून. त्यात ऑनलाइनची भर. १९८८ चा एअर वॉरियर आणि त्याच्यानंतरचे गेम मोडेमवर चालायचे, माहिती पोचायला उशीर व्हायचा, म्हणून गोळी लागली का हे बऱ्याचदा मारणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरच ठरायचं, आणि आजही पुण्यातून युरोपच्या सर्व्हरवर १५० मिलिसेकंद पिंग (माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ) असेल तर ५०० किमी वेगाचं विमान तेवढ्यात २० मीटर सरकलेलं असतं, म्हणजे ज्याला लागली तो खरंच स्वतःच्या स्क्रीनवर वळून बाजूला झालेला असू शकतो. तो खोटं बोलत नसतो.

मोठा बदल २००१ मधे, आयएल-२ स्टुर्मोविक, ओलेग मॅडॉक्सच्या टीमचा रशियन गेम. इथल्या किती पोरांनी तपकीर गल्लीतून आणलेल्या साध्या जॉयस्टिकवर तो खेळलाय, लोहगावहून उडणारी सुखोई डोक्यावरून जातायत आणि आत स्क्रीनवर स्टॅलिनग्राड चाललंय. त्यात टाकी गळायची, कंट्रोलच्या तारा तुटायच्या, पायलट जखमी व्हायचा, एक आयलरॉन (पंखावरची विमान कलंडवणारी फळी) गेलेलं विमान कसंबसं सांभाळत उतरवता यायचं, आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे हे आकडे नाहीत, हे यंत्र आहे. मात्र बाहेरून दिसणारी भोकं आधीच काढून ठेवलेली चित्रं होती आणि अमेरिकन पॉइंट फिफ्टी मशीनगनचा फैलाव जास्त ठेवलाय म्हणून वर्षानुवर्षं भांडणं झाली. त्यात तथ्य होतं, कारण सहा बंदुकांचं विमान सगळ्या गोळ्या एकाच जागी बसल्या तरच धोकादायक.

नंतरच्या पिढीत गोळी कुठून शिरली, वाटेत काय लागलं हे धरायला लागले. डीसीएस या सिमने २०२० मधे दुसऱ्या महायुद्धाच्या विमानांना नवं डॅमेज मॉडेल (नुकसान मोजायची पद्धत) दिलं, पंखाची बीम, पाइप, तारा वेगवेगळ्या धरून, आणि वॉर थंडर या गेमने २०२१ मधे स्फोटक गोळ्यांच्या कपच्यांचा हिशोब नव्याने लावला, त्याच्यावर लगेच ओरड झाली की आता २० एमएमने फार पटकन पडतंय. मला स्वतःला हळूहळू मरणारं विमान जास्त खरं वाटतं, तेल गळतंय, तापमान चढतंय, घर अजून लांब आहे.

पण डॅमेज कितीही बारीक केलं तरी लांबून मारणं त्याने थांबत नाही. ते थांबतं अंतर दाखवणारे आकडे बंद केले की. समोरच्या विमानावर ७८० लिहून येत असेल आणि माऊसने झूम करून त्याची शेपटी स्क्रीनभर करता येत असेल तर रोज दोन तास सराव करणारा माणूस ८०० मीटरवरून मारणारच, युद्धातल्या पायलटाला एवढा सराव जन्मात मिळाला नाही आणि त्याला मरायची भीती पण होती. ज्या सर्व्हरवर ही लेबल, म्हणजे विमानावर दिसणारे आकडे आणि नावं, बंद असतात तिथे मुकाट जवळ जावं लागतं, कारण लांबचा ठिपका आपला की परका हेच कळत नाही, आणि तिथली जुनी माणसं नव्याला कन्व्हर्जन्स २५० मीटरवर ठेवायला सांगतात.